चूळभर पाण्याचा कायदा

मी बोलतेय, जिन्याखालच्या खोलीतली जुनी, कपडे धुवायची मशीन. दचकू नका. आयुष्यभर लोकांची घाण गुपचूप पोटात घेतली, आता थोडं बोलून मोकळी होणार आहे. ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं. साहेब लोक तसेही मध्येच उठून जातात.

मला घडवलं तेव्हा पत्रा जाड वापरायची पद्धत होती. पोट मोठं, पाय भक्कम आणि डोक्याच्या नावाने आनंदीआनंद. एक गोल बटण फिरवायचं की मी सुरू. कपडे जेवढे मळलेले, तेवढं पाणी घ्यायचं, एवढंच मला कळतं. यात काही गुन्हा आहे, हे मला फार उशिरा समजलं.

माझी मालकीण हॉस्पिटलात नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणतात, तिचा नवरासुद्धा. नवरा बस चालवायचा, म्हणून तो ड्रायव्हरकाका. भला माणूस, पण खिसे कधी तपासायचा नाही. त्याचे स्क्रू, चिल्लर, एकदा तर अख्खा चष्मा मी पोटात खडखडवला आहे. मुलं त्याहून वरताण. एकदा अंगाला लावून काढलेला शर्टही माझ्यात कोंबायची. माणसाला घडी घालायचा कंटाळा आला की तो कपडा मळला म्हणतो, हे मी तेव्हाच ओळखलं.

खरं म्हणजे मला आणलं होतं काकांच्या आईसाठी. ती अंथरुणाला खिळली होती. तिच्या चादरी दिवसातून कितीदा बदलाव्या लागायच्या, ते सिस्टरला माहीत आणि मला माहीत. म्हातारी गेली. मुलं आपापल्या संसाराला लागली. आता ही एवढी मोठी मशीन हवी कशाला, असं घरात बोलणं सुरू झालं होतं.

तेवढ्यात एक दिवस वरच्या मजल्यावरची बाई दारात येऊन उभी राहिली. हातात बादली, तिच्यावर वर्तमानपत्र झाकलेलं. आत तिच्या घरच्या आजाऱ्याची चादर. सिस्टरने बादली हातातून घेतली आणि संध्याकाळी ये, एवढंच म्हणाली.

तिथून सुरुवात झाली. मग मागच्या गल्लीतून एक गाठोडं आलं, मग पलीकडच्या इमारतीतून. घर पुरेना, तेव्हा मला जिन्याखालच्या रिकाम्या खोलीत आणून बसवलं. निवृत्त झालेले काका सायकलवरून गाठोडी पोहोचवू लागले. कोपऱ्यावरची शिंपीण रोज दुपारी येऊन वाळलेल्या चादरींच्या घड्या करू लागली. कोणी समिती नेमली नाही, की बोर्ड लावला नाही.

नियम मात्र एक होता, आणि तो सिस्टरचा. गाठोडं झाकून यायचं, झाकून जायचं. कोणत्याही चादरीवर नाव नाही. शिंपीण कोपऱ्यात रंगीत धाग्याचे दोन टाके घालायची, त्यावरून ओळखायचं. लाल धागा, निळा धागा. पिवळ्या धाग्याची चादर रोज यायची, आणि रोज वाईट अवस्थेत यायची. ती कोणाची, हे सिस्टर आणि काका सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. त्या घरची बाई कधी आमच्या खोलीकडे फिरकली नाही. लाज वाटत असणार. लाजेसारखं काही नसतं त्यात, पण वाटते माणसाला.

हे असं छान चाललेलं सरकारला कसं बघवेल?

पाणीखात्याचे साहेब आले ते आधी सन्मान करायला. खोलीबाहेर मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. साहेबांनी लाभार्थी कुठे आहेत म्हणून विचारलं. दोन-तीन जण स्टेजवर बसले की फोटो बरा येतो म्हणे. सिस्टर म्हणाली, ते अंथरुणात आहेत. मग निदान घरचे? सिस्टर म्हणाली, ते येणार नाहीत. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. तरी त्यांनी भाषण ठोकलं. सेवा, त्याग, समाज, सगळं बोलून झालं. काचेचं मानचिन्ह दिलं. आणि शेवटी एका फडक्याखालून एक चकचकीत नवी मशीन काढून दाखवली. आता घरगुती मशीनने पाणी किती घ्यायचं याचा कायदा झाला आहे, ही नवी त्यात बसते, जुनी बसत नाही, तेव्हा जुनी बंद. टाळ्या पडल्या. कुणाला काय ऐकू गेलं कोण जाणे.

सिस्टरने विचारलं, एवढ्याशा पाण्यात आमच्या चादरी निघतील का? साहेब हसले. तज्ज्ञांनी विचार करूनच ठरवलं असेल ना, म्हणाले.

"त्या तज्ज्ञांनी कधी कोणाच्या अंगाखालची चादर बदललीये का?" सिस्टर म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं.

आता त्या नव्या बयेबद्दल काय सांगू! आधी कपड्यांचं वजन करणार, मग विचार करणार, मग चूळ भरावी तेवढं पाणी घेणार. आणि काम झालं की गाणं म्हणणार. चादर बाहेर काढावी तर डाग जिथल्या तिथे, वर साबण तसाच. मग पुन्हा लावा, पुन्हा गाणं ऐका. एक चादर नीट व्हायला तीन-तीन वेळा धुवावी लागे, आणि तेवढ्यात माझ्याहून जास्त पाणी जाई. पण कायद्यात एका वेळचं पाणी मोजायचं लिहिलंय, तीन वेळचं नाही. लिहिणाऱ्याने कधी एक रुमाल तरी धुतला असेल का, याचीच मला शंका आहे.

आणि कोपऱ्यावरचा पाण्याचा मोठा पाइप कधीचा फुटला आहे. रस्त्यावरून ओहोळ वाहतोय, कुत्री त्यात डुंबतात. तिकडे कोणी साहेब बघत नाही. मोजायला मिळालं ते माझं पोट!

गाठोडी तुंबली. पिवळ्या धाग्याची चादर साबणासकट परत गेली. काही दिवसांनी सिस्टर त्या घरी जाऊन आली आणि माझ्या झाकणावर हात टेकून उभी राहिली. त्या चादरीवर निजणाऱ्या म्हाताऱ्याची पाठ साबणाने सोलली होती. काकांनी लगेच माझी पिन भिंतीत लावली.

चुगली करायला माणसं कमी नसतात. साहेब स्वतः आले. सन्मान केला त्याच दारात उभं राहून ओरडले. माझ्या नळाला तार गुंडाळली आणि तिच्यावर शिशाचा शिक्का ठोकला. तोडलात तर केस करीन, म्हणाले. पिनेला मात्र हात लावला नाही. कायदा पाण्याचा ना, मग शिक्का नळालाच. अकलेचा उजेड असा लख्ख पडला, आणि साहेब गाडीत बसून गेले.

शिंपिणीने तो शिक्का बघितला. मग घरी गेली आणि भरलेली बादली घेऊन आली. माझं झाकण उघडलं आणि बादली ओतली. काकांनी दुसरी आणली. वरच्या मजल्यावरची बाई आली, तिचा मुलगा आला. मग जिन्यावर रांगच लागली. जो तो आपल्या घरचं पाणी माझ्यात ओतत होता. असा मान मला त्या मांडवात मिळाला नव्हता.

रांगेच्या शेवटी एक म्हातारी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. एका हातात अर्धी बादली, आणि दुसऱ्या हातात चादर. उघडी, न झाकलेली, सगळ्यांना दिसेल अशी. कोपऱ्यात पिवळा धागा.

साहेबांना स्टेजवर हवी होती ती हीच. आली ती आपल्या पायाने, पाणी घेऊन.

"आमच्या ह्यांची आहे," ती म्हणाली. "आज लपवायची नाही."

कोणी मान वळवून बघितलं नाही. सिस्टरने चादर घेतली, माझ्यात टाकली आणि बटण फिरवलं.

तेव्हापासून मी अशीच चालते, बादल्यांवर. पत्रा गंजलाय, पट्टा कुरकुरतो, फार दिवस राहिलेले नाहीत. मानचिन्ह दाराला टेकू म्हणून ठेवलंय, त्याचा उपयोग होतो. साहेब, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तो शिक्का काढू नका हवं तर, मला आता त्याची सवय झाली. पण ती म्हातारी रोज अर्धी बादली घेऊन जिना उतरते. तिच्या वाटेत तरी उभे राहू नका.