शोभेचे खांब

आई माझ्याकडे परदेशात, नायमेखनला दोन महिन्यांसाठी आली आणि साथीमुळे विमानं बंद झाली. त्यातच तिकडे नाशिकला बाबा गेले. त्यांचे अंत्यसंस्कार आम्ही फोनवर बघितले, तेही अडकत अडकत. दुसऱ्या दिवशी आईने मंगळसूत्र, बांगड्या, कुड्या, सगळं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून माझ्या हातात दिलं. कुड्या तर तिच्या माहेरच्या, लग्नाआधीपासूनच्या! मला असा संताप आला. पण चिडायचं कुणावर? तिला काढायला सांगणारं इथे चिटपाखरूही नव्हतं.

तेव्हापासून ती खोलीतून बाहेर येईना. ताट नेलं तर दोन घास खायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. बाबा गेलेच, आता आईही हातातून निसटतेय, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

माझी पीएचडी तुर्कस्तानात मध्ययुगात डोंगर कोरून केलेल्या घरांवर. प्रवास रद्द झाला, म्हणून फोटोंवरच भागवत होते. एका दुपारी सहज हाक मारली, "आई, ये ना, माझी लेणी तरी बघ!"

"मला कशाला गं आता लेणी?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

नाशिकची बाई, पांडवलेणी बघत वाढलेली. पण दागिन्याला आणि कोरलेल्या डोंगराला आपल्याकडे शब्द एकच, आणि तिला नेमका नको तो अर्थ ऐकू आला. मी जीभ चावली. लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. "अगं, ही लेणी."

डोळे पुसून तिने बघितलं. घराच्या दर्शनी भिंतीवर कमानींच्या रांगा, कोनाडे, नाजूक खांब, सगळं एकाच कातळात.

"खांब कशाला? वर डोंगर आहे की."

"शोभेचे आहेत. काही पेलत नाहीत. घर छान दिसावं म्हणून."

"आणि राहणारे?"

"त्यांना जाऊन हजार वर्षं होत आली."

तिचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

"मालक जाऊन हजार वर्षं झाली," ती हळूच म्हणाली, "आणि घराचं लेणं कुणी उतरवलं नाही."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"ऋता, माझ्या कुड्या आण."

मी आणल्या. तिच्या कानात घालताना फिरकी माझ्या हातून खाली पडली.

"धांदरट कुठली!" आई म्हणाली. "दे इकडे."