उंबरठ्यावरचा मिठाईचा डबा

कोबेत जन्मलेल्या ल्युद्मिलेच्या घरी तिच्या भावी सासूबाई हिरानोसान प्रथमच आल्या. जपानी शिष्टाचारानुसार दारातूनच परतण्याच्या हेतूने त्यांनी मिठाईचा डबा पुढे केला. आजी अग्राफेनाने मात्र दोन्ही हात पाठीमागे नेले. उंबरठ्यावरून देवघेव अशुभ, हा रशियाहून आलेल्या पूर्वजांचा नियम तिने जन्मभर पाळला होता.

"आत या," ती एवढेच म्हणाली.

"नको, आपणांस त्रास कशाला?"

"आधी आत या!"

भेट नाकारली गेली असे समजून हिरानोसान खिन्न मुद्रेने वाकल्या आणि डब्यासह निघून गेल्या.

"आजी, आता लग्न मोडेल! डबा घ्यायचास की गं!"

"उंबरठ्यावर घेतला असता, तर खात्रीने मोडले असते."

ल्युद्मिला चरफडत अनवाणीच लिफ्टकडे धावली. परंतु दार मिटले होते.