झाकणाआडचा शेंदूर

दिव्यानीचं डोकं फिरलं होतं, आणि तेही आजचं नाही, दसऱ्यापासूनचं.

राजुऱ्याजवळच्या एका बंद कोळसा खाणीत, दोनशे मीटर खाली, तिचं मशीन बसवलेलं होतं. एका धातूचा अणू अब्जावधी वर्षांत कधीतरी एखादाच फुटतो, तो फुटताना पकडायचा. इतकं खाली यायचं कारण, आकाशातून येणाऱ्या किरणांचा गोंगाट इथवर फारसा पोचत नाही. मशीनभोवती शंभर वर्षं जुन्या शिशाच्या विटा आणि तसलंच झाकण. ताजं शिसं स्वतःच किरणं सोडतं, जुनं थंडावलेलं असतं. एवढा बंदोबस्त केल्यावर मशीननं गप्प बसायला हवं की नाही? पण ते मेलं दसऱ्यापासून नुसतं बडबडत होतं, पडद्यावर ठिपक्यांमागून ठिपके. त्या कालव्यात तिचा अणू फुटला तरी कळणार कसा? आणि महिनाअखेरीस खाणीतले पंप बंद होणार होते. मग बोगद्यात पाणी, आणि तिची पाच वर्षं पाण्यात.

तिनं मशीनभोवतीची हवा बदलली, तारा बदलल्या, आणि शेवटी सगळा राग डोमाभाऊंवर काढला. डोमाभाऊ याच खाणीतले जुने कामगार, आता मशीनचे राखणदार. चपला बाहेर काढा, आंघोळ करून या, बिडी सोडा, तंबाखूतही किरणं असतात! बिचाऱ्यानं चाळीस वर्षांची बिडी सोडली. मशीनची बडबड काही थांबली नाही.

आठ दिवस उरले तेव्हा वैतागून तिनं झाकण साखळीनं वर ओढलं आणि खालून बॅटरी मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला, अगदी मधोमध, शेंदराचं ठसठशीत बोट. शेंदूर, म्हणजे शिसंच की! तेही ताजं!

"डोमाभाऊ! हा शेंदूर कोनं लावला?"

"मीनंच. दसऱ्याले. तुमी वर जेवाले गेल्या होत्या, झाकण उघडंच होतं."

"मी नाई म्हटलं होतं ना!"

"तुमी म्हटलं, बाहेरून काई लावाचं नाई. मंग आतून लावला. इथल्या मशीनीले दसऱ्याचा शेंदूर कधी चुकला नाई, बाई."

"अन् मले सांगतलं काऊन नाई? आठ महिने डोकं आपटून राह्यली मी इथी!"

"तुमी चपला इचारल्या, बिडी इचारली. शेंदूर कुठी इचारला?"

तिला रडावं की ओरडावं कळेना. ती स्वतः राजुऱ्याची. दर दसऱ्याला बाबांच्या ट्रॅक्टरला टिळा तीच लावायची. 'दसऱ्यापासून' हा शब्द तिनं वहीत पन्नासदा लिहिला होता आणि शोधत बसली होती हवेची गळती! राग आला तो स्वतःचाच.

तिनं आम्लाच्या बोळ्यानं शेंदूर पुसला, तीनदा पुसला, झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा कोरा होता. तासाभरात एक ठिपका नाही. मशीन असं गप्प बसेल म्हणूनच तर ती या खाणीत उतरली होती.

"आता बोलून नाई राह्यली ना मशीन?" डोमाभाऊंनी दारातूनच विचारलं. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या.

"नाई."

"मंग झालं ना बाई तुमचं काम?"

या शांततेत निदान वर्षभर मोजायला हवं होतं. तिच्याकडे सात दिवस होते.

"बिडी ओढा आता, डोमाभाऊ," ती म्हणाली. "बिडीचा काईच गुन्हा नव्हता."