हीटर आणि इहीणबाई

हनुमंताची बायको सुषमा गेल्याचा फोन केंदूरच्या किराणा दुकानात आला, तेव्हा तो दारात गाडी धूत होता. दुसऱ्या दिवशी तिला पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं होतं, आणि धुळीनं भरलेल्या गाडीत आपण बसणार नाही असं तिनं बजावून ठेवलं होतं. दुकानदार पळत आला आणि काय झालं ते सांगितलं. हनुमंतानं ऐकून घेतलं. गाडीची राहिलेली बाजू धुतली, फडकं पिळून कुंपणावर टाकलं आणि मग खाली बसला. तो श्रावण होता.

मार्गशीर्षात त्यांची एकुलती एक लेक अंकिता बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरात आता हनुमंत आणि त्याचा म्हातारा बाप रखमाजी, एवढेच. म्हणून राहू गावच्या तिच्या सासूनं, भामाबाईनं, सुनेला तिकडंच ठेवून घेतलं. मुलगी झाली, बारसंही झालं. मग अंकितानं धोसरा काढला, की चार दिवस का होईना, मला आईच्या घरी जायचंय. हनुमंतालाही दुसरं काही सुचत नव्हतं. घरात श्रावणापासून माणसाचा आवाज असा नव्हता. रखमाजी बोलायचा, पण बोकडाशी.

भामाबाई नाही म्हणाली नाही. ती फक्त वेळ काढू लागली. भर दुपारी बाळंतिणीला वेशीबाहेर काढायचं नाही, तिन्हीसांजेला तर नाव घ्यायचं नाही. उरली सकाळ. आणि सकाळी भीमेच्या काठानं उसाच्या रानात इतका गारठा पडायचा, की थोरल्या माणसाचेही दात वाजावेत.

"पाव्हणं, लग्नात तुम्ही मांडवभर सांगत व्हता," ती म्हणाली, "माझी गाडी दिल्लीकडची हाय, तिच्यात गरम हवा येती. मग येऊ द्या की गरम हवा. मी लगीच नात तुमच्या मांडीवर ठिवते."

 हनुमंतानं तसं सांगितलं होतं खरं. दिल्लीहून रांजणगावच्या कंपनीत बदलून आलेल्या एका साहेबाची ती जुनी मोटार. तिला हीटर होता, पण यंदाच्या हिवाळ्यात त्यातून जो वारा आला, त्याला कोमट म्हणणंही धाडसाचं होतं.

तो गाडी घेऊन शिरूरला सोपानरावाच्या गॅरेजात गेला. रखमाजीही बरोबर आला. साठ वर्षं मेंढरांमागं माळावर निजलेला हा माणूस गाडीला हीटर लागतो हे बघायला आला होता. वाटेत त्यानं तीनदा विचारलं, की गाडीला पण पडसं होतं का.

सोपानरावानं रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. हीटरकडं जाणारा पाण्याचा कॉक पुरा उघडत होता, त्याची तारही हलत होती. मग पाइप काढून उलटं पाणी सोडलं, तर चहासारखं गंजाचं पाणी निघालं. सगळं बसवून रस्त्यावर चक्कर मारली. वारा तसाच, फार तर पडसं बरं झालेला.

सोपानरावाचं लक्ष काट्याकडं गेलं. गाडी उभी असली की इंजिनाचा काटा वर चढे, पळू लागली की खाली येई. इंजिनच तापत नव्हतं, तर हीटर काय तापवणार? त्यानं पुढचं नळकांडं खोललं आणि आत बोट घालून बघितलं. पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडं जाऊ न देणारी एक छोटी झडप तिथं असते. थर्मोस्टॅट म्हणतात तिला. ती जागा रिकामी होती.

कुणी काढली, असं त्यानं विचारलं. हनुमंताला लगेच आठवलं. गेल्या चैत्रात चौफुल्याच्या अलीकडं गाडीला उकळी फुटली होती. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं ती झडप दाखवली. ठेवावी की काढावी, असं हनुमंत त्याच्याशी बोलत होता, तेवढ्यात नव्या साडीत उन्हात उभी राहिलेली सुषमा म्हणाली होती, काढून टाका, आपल्याकडं उन्हाला काय तोटा हाय. आणि खरंच, गाडी पुन्हा उकळली नाही. गाडी मीच दुरुस्त केली, असं ती भेटेल त्याला सांगायची. हनुमंतानं कधी खोडून काढलं नाही.

सोपानरावानं नवी झडप हातात धरली. हनुमंत नुसता तिच्याकडं बघत राहिला. सुषमानं काढायला लावलेलं आपण परत बसवायचं, हे त्याच्या गळ्याखाली उतरेना. असू द्या, नंतर बघू, असं काहीतरी तो पुटपुटला.

रखमाजी बाकड्यावर तंबाखू मळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "हयातभर तिनं तुझं एक ऐकलं न्हाई. आता तू तिचं एक ऐकू नगंस. फिटाफिट."

सोपानराव हसू दाबायला बॉनेटमध्ये वाकला. हनुमंताला आधी राग आला, मग हसू आलं, मग डोळे पुसायला त्यानं गाडीचंच फडकं घेतलं आणि तोंड काळं करून घेतलं. झडप बसली.

जाताना सोपानरावानं सांगितलं, की झडपेचा दोष कधीच नव्हता. रेडिएटर आतून बुजलाय म्हणून गाडी उकळली होती. आता झडप बसलीय, तर उन्हाळ्याआधी रेडिएटर खोलून साफ करा, नाहीतर पुन्हा उकळेल. हनुमंतानं मान डोलावली.

दोन दिवसांनी सकाळीच तो राहूला पोचला. भामाबाईनं शब्दावर भरवसा ठेवला नाही. कानाला फडकं गुंडाळून ती स्वतः पुढं बसली, हीटरच्या तोंडाशी हात धरला आणि उभ्या गाडीचं काय सांगता, पळवून दाखवा म्हणाली. हनुमंतानं गाडी नदीच्या पुलापर्यंत नेली. येताना भामाबाईनं कानाचं फडकं सोडलं, मग शाल काढली, मग काच खाली केली.

"एवढं बी नगं पाव्हणं," ती म्हणाली. "लेकरू शिजंल."

मग ती आत गेली आणि बाळाबरोबर स्वतःचंही गाठोडं घेऊन आली. बाईमाणसावाचून बाळंतीण सोडायची नाही, हे तिनं आधीच ठरवलं होतं. हीटर चालू नसता, तर ते सांगायची वेळच आली नसती. केंदूर येईपर्यंत ती तोंड उघडं टाकून झोपली. मागं अंकिता, तिच्या मांडीवर पोर.

घरात आता रोज पोरीच्या रडण्याचा आणि रखमाजी-भामाबाईच्या भांडणाचा आवाज असतो. रखमाजीनं बोकडाशी बोलणं सोडलं आहे. रेडिएटर मात्र हनुमंतानं अजून खोलून साफ केलेला नाही. परत पोचवायचा विषय निघाला, की गाडी वाटेत उकळेल म्हणतो.