बुधवारचं हॅडॉक

तिकिटं फाडता फाडता म्युझियममधली बाई थांबली आणि बाबांच्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहू लागली.

"आज त्या नाही आल्या? त्या हसऱ्या बाई?"

बाबांनी मफलर सैल केला. "आज मुलगी आहे बरोबर," एवढंच इंग्रजीत म्हणून ते आत निघून गेले आणि शिशाच्या खाणींच्या नकाशापुढे जाऊन उभे राहिले.

उल्का हातातलं तिकीट धरून तिथेच राहिली. हसऱ्या बाई. आईला जाऊन पाच महिने झाले होते, आणि घरातल्या एकाही फोटोत आई दात दाखवून हसलेली नव्हती. मग ही कोण?

सकाळी नॉटिंगहॅमहून निघाल्यापासूनच तिला काहीतरी खटकत होतं. फोन बाबांनी आपणहून केला होता. "बुधवारची रजा काढ, मंगळवारीच ये ब्रिस्टलहून. तुला जरा फिरवून आणतो." जन्मात कधी कुणाला फिरायला न नेलेला माणूस. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते तेव्हा बुधवारची दुपार त्यांना मोकळी असायची, आणि ती झोपण्यात जाते असं आई फोनवर सांगायची. आता मात्र जानेवारीच्या धुक्यात, बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरलेल्या रस्त्यांवरून, नकाशा न उघडता त्यांनी बेल्पर ओलांडलं, वर्क्सवर्थ गाठलं. कुठे गाडी फुकट लावता येते, कुठल्या कसायाच्या दुकानापाशी वळायचं, सगळं पाठ.

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला खाणींची आवड कधीपासून, बाबा?"

"आवड कसली. इथे ऊब असते," बाबा म्हणाले, आणि काचेतल्या जुन्या कुदळीवरची पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

एक वाजता ते मॅटलॉक बाथला पोचले. नदीकाठची निम्मी दुकानं हिवाळ्यापुरती बंद होती. एका मासे-चिप्सच्या रेस्टॉरंटच्या काचा आतल्या वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. दार उघडताच काउंटरमागच्या, एप्रनवर मॉरीन असं नाव लावलेल्या बाईने हात केला. वयाने बाबांच्या बरोबरीची असेल.

"खिडकीपाशी बसा, डॉक्टर. दोन हॅडॉक ना?"

"दोन," बाबा बोलून गेले. मग उल्काकडे वळले. "म्हणजे, तू..."

"मला नुसते चिप्स."

कोट न काढताच ती बसली. आता शंकेला जागाच उरली नव्हती. जिलेटिन असेल म्हणून बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचणारी आई. केकमध्ये अंडं आहे कळल्यावर तो ताटलीसकट शेजारणीला देऊन टाकणारी आई. आणि दहा वर्षांपूर्वी उल्काने ॲलनशी लग्न करते म्हटल्यावर, "ज्या घरात मासे शिजतात त्या घरात माझी मुलगी जाणार नाही," म्हणून चार दिवस पाण्यावर राहिलेली आई. पाचव्या दिवशी उल्काने ॲलनला नकाराचं पत्र टाकलं आणि ती एकटीच ब्रिस्टलला निघून गेली. नंतर कुणाचं नाव घरात काढायची वेळ आली नाही. तेव्हा, दुसरा मासा आईचा नव्हता, एवढं तरी उघड होतं.

मॉरीनने प्लेटी मांडल्या. सवयीने एक हॅडॉक उल्कापुढे ठेवलं, चिप्सची बशी मध्ये सरकवली आणि ती गेली.

"बाबा, कोण होती ती?"

"कोण?"

"हे कुणासाठी मागवायचात?"

बाबांनी उचललेला काटा खाली ठेवला. पेशंटला रिपोर्ट सांगताना ठेवायचे तसे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"तुझ्या आईसाठी."

उल्का हसली. ते हसणं तिच्या स्वतःच्याच कानाला वाईट लागलं. "काहीही सांगू नका."

"तू ब्रिस्टलला गेलीस ना, तो हिवाळा. एके दिवशी म्हणाली, अहो, गाडी काढा. आपलं माणूस भेटणार नाही अशा ठिकाणी न्या मला. पोरीला ज्याच्यापायी अडवलं, ते एकदा तोंडात घालून तरी बघते."

"मग?"

"दोन घास खाल्ले. रडली. घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली, त्या थंडीत."

"आणि?"

"पुढच्या बुधवारी माझ्याआधी कोट घालून दारात उभी." बाबांनी लिंबाची फोड माशावर पिळली. "आवडलं गं तिला."

बाहेर नदीवर बदकं कडेकडेने बसली होती. उल्काने कोटाची बटणं काढली.

"मला एक फोन करता आला नाही तिला?"

"कुठल्या तोंडाने करणार होती?" बाबांचा आवाज खाली आला. "हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली, तिला तिथे न्या, तुम्ही सांगा. मला तरी कुठे जमलं? पाच महिने गेले."

मॉरीन व्हिनेगरची बाटली घेऊन आली. "मिसेस बऱ्या आहेत ना, डॉक्टर? उन्हाळ्यापासून दिसल्या नाहीत."

बाबा बाटलीचं झाकण फिरवू लागले.

"आई ऑगस्टमध्ये गेली," उल्काने सांगितलं.

मॉरीन तशीच उभी राहिली. मग एप्रनला हात पुसून तिने तो उल्काच्या खांद्यावर ठेवला.

"अरेरे. म्हणजे तू उल्का." नाव तिने अगदी नीट उच्चारलं, कुणीतरी बसून शिकवल्यासारखं. "ब्रिस्टलची. किती सांगायच्या तुझं. ॲलन बरा आहे ना, पोरी? रोज रात्रीची भांडी तो घासतो याचं केवढं कौतुक होतं त्यांना."

बाबांनी प्लेटीतून मान वर केली नाही.

"बरा आहे," उल्का म्हणाली. "अजून घासतो."