बरोबरी पुरे

धाकटीचं लग्न झालं त्याच वर्षी संघ खाली गेला. किंवा गेला नाही. याबद्दल मामांच्या घरात अजून एकमत नाही.

मामा म्हणजे फुटबॉल क्लबचे कपडे सांभाळणारे. जर्सी, चड्ड्या, मोजे, टॉवेल, सगळं धुवायचं, वाळवायचं आणि सामन्याच्या दिवशी नंबराप्रमाणे खुंट्यांना लावून ठेवायचं. सव्वीस वर्षं हेच काम. कोच आले नि गेले, अध्यक्ष आले नि गेले, मामा तेवढे सगळ्यांचे मामा राहिले. संघाच्या गोलकीपरनं त्यांची धाकटी मागितली तेव्हा क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "बरं झालं. सासऱ्याला काय म्हणायचं हा प्रश्नच मिटला."

लग्न ठरताना मामींनी जावयाचा क्लबशी झालेला करार कुणाकडून तरी वाचून घेतला होता. त्यात एक कलम होतं. संघ तिसऱ्या श्रेणीतून खाली घसरला, तर त्याच दिवशी करार संपेल. त्याला कारण होतं. तिसऱ्या श्रेणीपर्यंत खेळाडूला पगार मिळतो. चौथ्या श्रेणीत नळ दुरुस्त करणारे, शाळामास्तर, रंगारी असे लोक काम आटोपून खेळायला येतात, आणि बूटसुद्धा आपापले आणतात. म्हणजे संघ घसरला की जावयानं दुसरं गाव, दुसरा क्लब शोधायचा. आणि दोन गल्ल्या पलीकडे नुकतंच बिऱ्हाड मांडलेली धाकटी त्याच्यामागे जाणार. मामांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या हंगामात त्यांच्या जिवाला घोर होता तो एवढाच.

गुणांचा तक्ता काही त्यांना कळत नसे. कोणत्या साबणानं चिखल निघतो आणि कोणत्या साबणानं नंबरच निघून जातो, ते विचारा. तक्ता सेक्रेटरींचा. तीस वर्षांचे गुण त्यांना तोंडपाठ.

"सोपं आहे, मामा. सोळा संघ. वरचे दोन चढतात, तळाचे दोन उतरतात. एक तर बुडालाच आहे. दुसरा आपण किंवा गिरणीवाले."

"मग आपण काय करायचं?"

"आपले एकतीस गुण, त्यांचे एकोणतीस. शेवटचा सामना जिंकलो तर प्रश्नच नाही. बरोबरी झाली तर आपले बत्तीस. ते जिंकले तर त्यांचेही बत्तीस."

"आणि मग?"

"मग गोलफरक. केलेले गोल वजा खाल्लेले. आपला उणे नऊ, त्यांचा उणे चौदा. कमी उणे तो वर. म्हणजे बरोबरी पुरे."

उणे असूनही वर कसं, हे मामांना उमगलं नाही. पण सेक्रेटरी हसत होते, म्हणून तेही हसले.

शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, कुणी कुणाचा निकाल पाहून खेळू नये म्हणून. तरी जो तो कानाला फोन लावून बसलेला. ऐंशीव्या मिनिटाला आपला सामना एक-एक. तिकडे गिरणीवाले एक-शून्यनं पुढे. आपली पोरं चेव आल्यासारखी चढाई करत होती. कोच रेषेवर उभा राहून "वर जा, वर जा" म्हणून ओरडत होता. सेक्रेटरी बाकामागे आले, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि कोचचा दंड धरला.

"वेड लागलंय का? उघडे पडाल, गोल खाल! बरोबरी पुरे आहे!"

कोच एका हंगामाचा पाहुणा, सेक्रेटरी क्लबात तीस वर्षं मुरलेले. कोचनं पोरांना मागे यायची खूण केली. सेक्रेटरी मामांकडे वळले. "टॉवेल घ्या आणि गोलामागे जा. जावयाला सांगा, चेंडू दाबून ठेव."

मामा धावतच गेले. इतकं महत्त्वाचं काम त्यांच्या हाती सव्वीस वर्षांत आलं नव्हतं. जाळीमागून ते म्हणाले, "हे बघा, बरोबरी पुरे. चेंडू धरून बसा."

जावयानं मान वळवली. "नक्की, मामा?"

"सेक्रेटरी सांगतायत."

"तुम्ही काय म्हणता?"

आता मामा काय म्हणणार? त्यांनी टॉवेल पुढे केला आणि म्हणाले, "नक्की."

मग जावयानं जे काही केलं ते पाहून लोक चक्रावले. चेंडू हातात आला की तो त्याच्यावर आडवा पडायचा. बुटाची नाडी तीनदा सुटली. पायात गोळा आला, तोही आधी उजव्या, मग डाव्या. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं तर कार्ड बघायलाही तो रमतगमत गेला. अर्धे प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, अर्धे ओरडत होते, "अरे, झोपलास काय? गोल पाहिजे, गोल!" मामांना वाटलं, या लोकांना तक्ता कळत नाही.

शिट्टी झाली. पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मामांनी पंचाच्याच खांद्यावर टॉवेल टाकला. तेवढ्यात समोरच्या संघाचा कोच हात मिळवायला आला. "वाईट वाटलं. पण पुढच्या वर्षी परत या."

"परत?" आपला कोच म्हणाला. "कुठून?"

तिकडे गिरणीवाले जिंकले होते, गुण समान झाले होते. लीगचा निरीक्षक खिशातून परिपत्रक काढून वाचू लागला. गुण समान झाले तर यंदापासून आधी त्या दोन संघांतले आपसातले सामने बघायचे, गोलफरक नंतर. गिरणीवाल्यांनी आपल्याला एकदा हरवलं होतं, एकदा बरोबरी झाली होती. म्हणजे ते वर, आपण खाली.

"हा नियम केला कुणी?" सेक्रेटरी कडाडले.

निरीक्षकानं कागद उलटा केला. "वार्षिक सभा, विषय क्रमांक नऊ. सूचक..." तो थांबला, आणि त्यानं हळूच सेक्रेटरींकडे पाहिलं. "सूचक तुम्ही आहात."

तेव्हा त्यांना आठवलं. मागच्या हंगामात एका संघाला दोनदा हरवूनही गोलफरकानं आपण त्याच्या खाली राहिलो होतो. त्या रागात जेवणानंतरच्या सभेत उठून सेक्रेटरींनीच ही सूचना मांडली होती. हात वर झाले, ठराव पास झाला, आणि राग गेला तसा ठरावही डोक्यातून गेला. तीस वर्षांचा पाठ मात्र तसाच राहिला.

घरी धाकटी आली होती. "बाबा, तुम्ही निरोप सांगितलात की हुकूम दिलात?"

"निरोप. पण नक्की म्हणालो."

"ते कुणी म्हणायला सांगितलं होतं?"

मामी म्हणाल्या, "त्यांना काय बोलतेस? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांचं मत विचारलं." जावई खाली मान घालून हसला, आणि त्याच आठवड्यात दीड दिवसाच्या प्रवासावरच्या एका क्लबला होकार देऊन आला.

ती दोघं जाऊन तीन आठवडे होतात न होतात तोच लीगचं पत्र आलं. गिरणीवाल्यांच्या मैदानावर पंचांच्या खोलीत नळाला पाणी नाही, म्हणून त्यांना परवाना नाकारला आहे. ते खाली, आपण तिसऱ्या श्रेणीत कायम. अध्यक्षांनी गाडीचा भोंगा वाजवत गावभर चक्कर मारली.

मामा थेट कचेरीत गेले. "म्हणजे आपण घसरलोच नाही?"

"नाही."

"मग जावयाचा करार?"

सेक्रेटरींनी कागद पुढे ओढला. "तो त्या संध्याकाळी संपला. संघ वाचला म्हणून तो पुन्हा जिवंत होतो असं कुठं लिहिलेलं नाही."

"म्हणजे संघ गेला नाही, पण जावई गेला."

"तसंच दिसतंय."

"मग मी दिलेला निरोप बरोबर होता की चूक?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लीगला विचारतो," ते म्हणाले. त्यांनी खरंच विचारलं. संपलेला करार अशा वेळी चालू धरता येतो का, अशी तीन पत्रं त्यांनी त्या उन्हाळ्यात पाठवली. पहिल्याला पोच आली, दुसऱ्याला तीही नाही. कोचनं तोवर नवा गोलकीपर घेतला. मामांनी त्याची जर्सी जावयाच्याच खुंटीला लावली, कारण नंबर एकची खुंटी तीच होती.

तिसऱ्या पत्राच्या उत्तराची वाट पाहत असताना, नव्या हंगामाच्या चौथ्या सामन्याच्या आदल्या गुरुवारी सकाळी दहा वाजता, सेक्रेटरी कचेरीत खुर्चीवर बसल्या जागी वारले. वय एकाहत्तर होतं. निरोप बरोबर होता की चूक, हे मामांना सांगायचं राहूनच गेलं.