लसणाचा वास

वच्छलाने सदरा नाकाशी धरला आणि पुन्हा हुंगला. लसूणच.

"आज काय भाजी होती कांताबाईकडे?" तिने विचारले.

रुपराव मोरीत पाय धूत होता. त्याने मान वळवली नाही. "कोन्त्या कांताबाईकडे?"

"कंपनीसमोर खानावळ हाय ना तिची. तुमीच सांगतलं होतं, बाईच्या हाताले चव हाय म्हून."

"दोन वर्सं झाले असतीन सांगून."

"मी इसरली नाई."

"कंपनीचा वास हाय थो, वच्छला."

"कंपनीत का लसनाची फोडनी देतेत?"

एरवी तो हसला असता. आता मात्र गमछ्याने तोंड पुसत, तोंड झाकूनच आत गेला.

आखाडी एकादशीपासून घरात कांदा-लसूण बंद होता. सासूबाईंचा नेम त्यांच्यामागे वच्छलाने सोडला नव्हता. उरलेल्या लसणाच्या गड्ड्या तिने शेजारी देऊन टाकल्या होत्या. म्हणजे वास येणार तो बाहेरूनच, आणि बाहेरून येणारा माणूस घरात एकच होता.

एकदा संशय धरला की सगळे त्याला येऊन जुळते. तो भाकरी टाळायचा. वरण-भाताचे चार घास गिळून "भूक नाई" म्हणायचा. सदऱ्याच्या खिशात लवंगा सापडायच्या. कुणीतरी विडा लावून देत असणार. बाहीवर जळाल्याची बारीक छिद्रे होती, आणि रुपराव तर बिडी ओढत नव्हता. झोपताना तो हल्ली भिंतीकडे तोंड करायचा. कांताबाईला वच्छलाने कधी पाहिले नव्हते, म्हणून ती रोज थोडी अधिक देखणी होत चालली होती. आधी नुसती विधवा होती. मग गोरी झाली, मग बिडी ओढू लागली, मग रुपरावच्या अगदी जवळ बसून ओढू लागली.

भादव्यातल्या एका सकाळी वच्छलाने डबा भरला, बर्डीवरून बस पकडली आणि ती हिंगण्याला कंपनीसमोर उतरली.

खानावळ म्हणजे टिनाची शेड होती. चुलीजवळ पन्नाशी उलटलेली एक बाई गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"कांताबाई कुठी हाय?"

"मीच वं. बस."

वच्छलाला हायसे वाटायला हवे होते. तिला फसल्यासारखे वाटले. तिने नाकाने शेड धुंडाळली. तेल, तूरडाळ, ओले लाकूड. लसूण नाही.

"लसून नाई टाकत?"

"चातुर्मासात नाई टाकत. गिऱ्हाईक बोलते, बोलू दे."

"मंग माह्या मालकाच्या सदऱ्याले वास कुठून येते? रुपराव नाव हाय त्याईचं."

कांताबाईचा हात गुडघ्यावरच थांबला. "तू रुपरावची बायको? तुले त्यानं काहीच सांगतलं नाई?"

तेवढ्यात एक कामगार आत येऊन बाकावर बसला. तो बसायच्या आधीच वच्छलाला वास आला. तोच.

"बाबाराव," कांताबाई म्हणाली, "इले सांग गा तुमच्या खात्याचं."

बाबारावने हात पुसले. "पांढऱ्या फॉस्फरसचं खातं हाय, वहिनी. मेनासारखा असते थो. पान्यात बुडवूनच ठेवा लागते, कापाचा बी पान्यातच. हवा लागली का धूर, मंग आग. कन उडाला का कपड्याले छेद. अंधारात हिरवा दिसते. बंद भांड्यात कितीक वेळ तापवला का लाल होते, आन् लाल झाला का गरीब. आगपेटीच्या बाजूले लावतेत थो. वास मात्र पांढऱ्यालेच. लसनावानी."

"इतकंच?" वच्छलाच्या तोंडून निघाले.

बाबारावने कांताबाईकडे पाहिले. तिने मान हलवली.

"किडक्या दाताचा मानूस त्या खात्यात चालत नाई. वाफ दाढंतून हाडात उतरते. जबडा सडते. रुपरावची दाढ कवाची दुखून राहिली, तिथी लवंग धरते. साहेबानं इचारलं का नाई म्हनते. खात्यातून काढलं तर घरीच बसा लागन ना. पॅकिंगमधी जागा नाई."

"मी पेज देतो त्याले," कांताबाई म्हणाली. "तेवढीच जाते बिचाऱ्याले."

पेज. त्याला पेज लागते हे या बाईला ठाऊक होते. कुठली दाढ, कधीपासून, तेही ठाऊक असणार. इतके दिवस वच्छलाने खोट्या कांताबाईचा हेवा केला होता. आता समोरच्या खऱ्या कांताबाईचा तिला असा हेवा वाटला की डबा तसाच बाकावर ठेवून ती निघाली. भांडायलासुद्धा कुणी उरले नव्हते.

रुपराव घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि गल्लीतली वीज गेली होती. तिने कंदील उचलला.

"बसा. आ करा."

"काहून?"

"करा म्हनलं ना."

त्याने तिच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. डावीकडची दाढ काळी पडली होती, हिरडी सुजून वर आली होती. लसूण आणि लवंग, दोन्ही वास एकदम आले. तिने तोंड फिरवले नाही.

"उद्या साहेबाले सांगतो मी," ती म्हणाली. "दाढ काढू."

"मंग घरीच बसा लागन, वच्छला."

तिची नजर ओट्याकडे गेली. तिथे सासऱ्यांच्या हातमागाचा खड्डा होता. माग विकून वर फळ्या टाकल्या, त्यालाही बरीच वर्षे झाली होती.

"बसा," ती म्हणाली.

चुलीवर पेज तयार होती. तिने वाटीत ओतली, फुंकून त्याच्या हातात दिली. रॉकेल संपत आले होते. कंदील फडफडून विझला. अंधार झाला तेव्हा तिला दिसले: खुंटीवरच्या सदऱ्याच्या बाहीवर, छिद्रांच्या कडेने, हिरवट फिकी ठिणगी तेवत होती. न जळता, न हलता.

ती उठली. सदरा काढून तिने पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवला आणि हाताने दाबून धरला.

उजेड गेला. अंधारात पेजेचा एकेक घोट उजव्या बाजूने सावकाश गिळला जात होता. किती वेळ लागतो, ते ती पहिल्यांदाच ऐकत होती.